फ्लॉरेन्स, एक दिवस, पायी: रोमन चौकापासून कोल्हापूरच्या छत्रीपर्यंत

१/ इटलीतील फ्लॉरेन्स एका दिवसात पाहून होत नाही, असे म्हणतात. चित्रे आणि शिल्पे पाहायची असतील तर ते खरेच आहे. पण शहर वाचायचे असेल, तर एक दिवस आणि दोन पाय पुरतात. कारण जुने फ्लॉरेन्स फार लहान आहे. मुख्य चर्चपासून सत्तेच्या चौकापर्यंतचे अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. युरोपची सावकारी, कला आणि राजकारण ज्यांनी बदलले, ती माणसे रोज एकमेकांना रस्त्यात भेटत होती, आणि एकमेकांच्या मुळावरही उठत होती.

२/ या धाग्यातील वाट सकाळी रोमन काळात सुरू होते आणि संध्याकाळी १८७० साली संपते. शेवटचा थांबा बहुतेक पर्यटकांच्या नकाशाबाहेर आहे, मराठ्यांच्या इतिहासात मात्र आहे. चालताना एकच प्रश्न सोबत ठेवावा: हे शहर कोणाला जागा देते, आणि कोणाला नाकारते?

३/ सुरुवात पियात्सा देल्ला रेपुब्लिका या चौकातून. परंपरेनुसार इ.स.पू. ५९ मध्ये ज्यूलियस सीझरच्या निवृत्त सैनिकांसाठी येथे वसाहत वसली, नाव फ्लोरेन्तिया. रोमन छावणीच्या शिस्तीने दोन मुख्य रस्ते येथे काटकोनात छेदले गेले. त्या छेदाची खूण म्हणून आज ‘समृद्धीचा स्तंभ’ उभा आहे. नकाशा उघडला तर चौकाभोवतीच्या गल्ल्या आजही आखीव चौकटीसारख्या दिसतात. दोन हजार वर्षांत इमारती बदलल्या, रस्त्यांची दिशा बदलली नाही.

४/ चौक मात्र रोमनही नाही आणि मध्ययुगीनही नाही. १८८५ ते १८९५ या काळात येथील जुना बाजार, दाट वस्ती आणि १५७१ पासूनची ज्यूंची सक्तीची वस्ती पाडून ही मोकळी जागा काढण्यात आली. चौकातील भव्य कमानीवर, शहराचे प्राचीन केंद्र शतकांच्या बकालपणातून नव्या जीवनाकडे आणले, अशा आशयाचा लेख कोरला आहे. जे लोक तेथे राहत होते, त्यांच्याविषयी तो लेख काही सांगत नाही. दिवसाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे पहिल्याच चौकात मिळते.

५/ उत्तरेला काही मिनिटांवर दुओमो, म्हणजे शहराचे मुख्य चर्च. पायाभरणी १२९६. शतकभर बांधकाम चालले, पण सुमारे ४५ मीटर रुंदीच्या मोकळ्या पोकळीवर घुमट कसा चढवायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जमिनीपासून लाकडी आधार उभारायचा तर केवढे लाकूड लागले असते! १४२० ते १४३६ मध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने तो आधार टाळून घुमट उभारला: दोन कवचे, एकात एक, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या, म्हणजे अपुरा थरही स्वतःला सावरून धरतो.

६/ याच ब्रुनेलेस्कीला १४३४ मध्ये, घुमट पूर्ण होत आलेला असताना, तुरुंगात जावे लागले. अपराध काय? गवंडी आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या श्रेणीची वर्गणी त्याने भरली नव्हती. व्यावसायिकांच्या श्रेणी आपल्याकडील प्राचीन लेखांतही भेटतात. फ्लॉरेन्समध्ये मात्र श्रेणी हेच नागरिकत्वाचे दार होते. श्रेणीत नाव नाही, तर राज्यकारभारात वाटा नाही. घुमट बांधणाराही त्याला अपवाद नव्हता. काही दिवसांत तो सुटला, आणि पुढे त्याला त्याच चर्चमध्ये पुरण्याचा मान मिळाला.

७/ जाता जाता एक टीप. घुमटाखालच्या चर्चचे पवित्रीकरण २५ मार्च १४३६ रोजी झाले. फ्लॉरेन्सचे नवे वर्षही २५ मार्चलाच सुरू होई, आणि ही प्रथा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. त्यामुळे जुन्या कागदांतील जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा वाचताना वर्ष एकाने पुढे घ्यावे लागते. शक आणि सनावळीचे हिशेब करणाऱ्या आपल्या अभ्यासकांना ही अडचण ओळखीची वाटेल.

८/ दुओमोकडून दक्षिणेला निघाले की ओरसानमिकेले लागते. हे आधी धान्याचा बाजार होते, नंतर चर्च झाले. बाहेरच्या भिंतींतील कोनाडे श्रेणींना वाटून दिलेले होते. चिलखतकारांसाठी दोनातेल्लोने संत जॉर्ज घडवला. कापडव्यापाऱ्यांच्या श्रीमंत श्रेणीने गिबर्टीकडून ब्राँझची भव्य मूर्ती करवून घेतली. गवंडी-सुतारांच्या कोनाड्यात संतांच्या पायाखाली छोटा शिल्पपट आहे: माणसे भिंत रचत आहेत, दगड तासत आहेत. कोपऱ्यातला हा पट सहज नजरेतून निसटतो; तो थांबून पाहावा.

९/ श्रेणी एकूण २१: सात मोठ्या, चौदा लहान. पण शहराचे सोने ज्यावर उभे होते, त्या लोकरीच्या धंद्यातील पिंजारी, धुणारे, विंचरणारे मजूर यांची श्रेणीच नव्हती. त्यांना ‘चोम्पी’ म्हणत. १३७८ च्या उन्हाळ्यात ते उठले आणि त्यांनी राजवाडा ताब्यात घेतला. तीन नव्या श्रेणी निघाल्या, मजुरांना इतिहासात क्वचित मिळतो तसा सत्तेत वाटा मिळाला. काही आठवड्यांतच चोम्पींची श्रेणी मोडून काढण्यात आली. उरलेल्या दोन १३८२ मध्ये गेल्या. ओरसानमिकेलेच्या भिंतीवर त्यांचा कोनाडा नाही.

१०/ पुढे पियात्सा देल्ला सिन्योरिया. १२९९ मध्ये सुरू झालेला पलात्सो वेक्कियो आणि त्याचा ९४ मीटर उंच मनोरा. येथे निवडलेले नऊ कारभारी राहत. त्यांची मुदत किती, तर फक्त दोन महिने! नावे पिशवीतून चिठ्ठी काढून ठरत, आणि त्या दोन महिन्यांत कारभाऱ्यांनी राजवाड्यातच राहायचे. कोणी एक घराणे डोईजड होऊ नये, ही भीती व्यवस्थेच्या मुळाशी होती. मेदिची सावकारांनी तिच्यावर उपाय शोधला: पिशवीत कोणाची नावे जातील, तेच आपल्या हाती ठेवले.

११/ चौक इतका मोकळा का, याचेही कारण आहे. येथे उबेर्ती घराण्याची घरे होती. तेराव्या शतकातील पक्षयुद्धात ते हरले, हद्दपार झाले, आणि त्यांची घरे जमीनदोस्त करण्यात आली. शहराचे सर्वांत सुंदर अंगण पराभूतांच्या जोत्यांवर आहे. गाढवाचा नांगर फिरवण्याची कथा ज्यांनी पुण्याच्या इतिहासात वाचली आहे, त्यांना या शिक्षेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१२/ चौकातील समुद्रदेवतेच्या कारंज्यापासून काही पावलांवर फरशीत एक गोल शिळा बसवलेली आहे. २३ मे १४९८ रोजी तेथे जिरोलामो सावोनारोला या धर्मोपदेशक भिक्षूला दोन सोबत्यांसह फाशी देऊन जाळण्यात आले. मेदिचींना घालवल्यानंतर चार वर्षे या शहरावर त्याच्याच वाणीचा अंमल होता. अनुयायांना अवशेष मिळू नयेत म्हणून त्याची राख गोळा करून आर्नो नदीत टाकण्यात आली. अग्नी आणि नदी, ही जोडी ध्यानात ठेवावी. संध्याकाळी ती पुन्हा भेटणार आहे.

१३/ येथून पूर्वेला सान्ता क्रोचे चर्च, दहा मिनिटांवर. वाटेत व्हिया दे नेरी या रस्त्यावर, सान रेमिजिओ गल्लीच्या कोपऱ्यावर मान वर करावी. भिंतीवर पुराच्या पाण्याच्या दोन खुणा आहेत: एक १३३३ च्या पुराची, दुसरी १९६६ च्या. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचे. १९६६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो पुस्तके चिखलात गेली. ती साखळी करून हातोहात बाहेर काढायला देशोदेशींचे विद्यार्थी धावले. शहराने त्यांना ‘चिखलातले देवदूत’ हे नाव दिले.

१४/ चर्चच्या अलीकडे व्हिया तोर्ता आणि व्हिया बेन्ताकोर्दी या गल्ल्या अचानक वळतात. सरळ रेषांच्या शहरात हे वळण कशाचे? येथे रोमन क्रीडागार होते. ते केव्हाच नाहीसे झाले. पण त्याच्या लंबगोल भिंतींवर घरे चढली आणि गल्लीने तो आकार जपला. संग्रहालयातील नकाशा जे सांगतो, ते येथे पायांना कळते.

१५/ सान्ता क्रोचेच्या आत मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली आणि गॅलिलिओ विसावले आहेत. हा मानाचा पंक्तिबाज वाटतो, पण तारखा पाहाव्यात. मॅकियाव्हेलीला १५१३ मध्ये याच शहराने कैदेत छळले. तो १५२७ मध्ये वारला. स्मारक उभे राहिले १७८७ मध्ये. गॅलिलिओ १६४२ मध्ये वारला, पण चर्चने दोषी ठरवलेल्या माणसाचे स्मारक कसे उभारणार? त्याला आतल्या एका लहान खोलीत पुरले आणि मुख्य दालनात आणले १७३७ मध्ये. आपल्याच माणसाला जागा द्यायला ९५ वर्षे.

१६/ शेजारी दान्तेची देखणी समाधी आहे, आणि ती रिकामी आहे. १३०२ मध्ये फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले. सापडल्यास जिवंत जाळावे, असा हुकूम काढला. तो १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. पुढे फ्लॉरेन्सने अस्थी मागितल्या. १५१९ मध्ये पोपने परवानगीही दिली. राव्हेन्नाच्या भिक्षूंनी अस्थी लपवून ठेवल्या. आता राव्हेन्नातील त्याच्या समाधीवरच्या दिव्याचे तेल दरवर्षी फ्लॉरेन्सकडून जाते. नगरपरिषदेने ती शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला, तो २००८ मध्ये.

१७/ दुपार नदीकाठाने. उफ्फिझी हे आज जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे. नावाचा अर्थ मात्र साधा, ‘कचेऱ्या’. १५६० मध्ये कोसिमो मेदिचीने सगळी खाती एका छताखाली आणण्यासाठी वास्तुकार वसारीकडून ही इमारत सुरू करवली. दोन महिन्यांच्या कारभाऱ्यांचे प्रजासत्ताक संपले होते, आता ड्यूकची राजवट होती. १५६५ मध्ये वसारीने राजवाड्यापासून नदीपलीकडच्या महालापर्यंत डोक्यावरून जाणारी बंद वाट बांधली. राज्यकर्त्याला रस्त्यावर उतरण्याची गरज उरली नाही. पायी चालण्याच्या या शहरात ही घटना लहान नव्हे.

१८/ ती वाट ज्या पोन्ते वेक्कियो पुलावरून जाते, तो १३४५ चा. आधीचा पूल १३३३ च्या पुराने नेला. पुलावर खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये ड्यूकने त्यांना हटवून सोनारांना बसवले. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे सर्व पूल उडवले, हा एक ठेवला. पण त्याच्या दोन्ही टोकांची जुनी घरे सुरुंगांनी पाडली. पुलाच्या तोंडाशी दिसणाऱ्या इमारती त्यामुळेच इतक्या नव्या आहेत.

१९/ पुढचा पूल सान्ता त्रिनिता. १९४४ मध्ये पडला, १९५८ मध्ये मूळ रूपात पुन्हा उभा राहिला. त्याच नावाच्या चर्चमध्ये सास्सेत्ती घराण्याचे उपासनागृह आहे. या घराण्यातील फिलिप्पो सास्सेत्ती हा व्यापारी १५८० च्या दशकात कोचीन आणि गोव्याला राहिला. तेथून लिहिलेल्या पत्रांत त्याने नोंदवले, की या देशाच्या विद्वानांच्या भाषेतील शब्द आपल्या भाषेसारखे आहेत: सप्त आणि सेत्ते, नव आणि नोव्हे, सर्प आणि सेर्पे, देव आणि दिओ. भाषाकुळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू होण्यापूर्वीचे हे निरीक्षण, जवळपास दोनशे वर्षे आधीचे.

२०/ सास्सेत्ती १५८८ मध्ये गोव्यात वारला. फ्लॉरेन्सचा माणूस कोकण किनाऱ्यावर मातीत मिसळला. आता पावले वळतात ती उलट दिशेच्या प्रवासाकडे. आर्नोच्या उजव्या काठाने पश्चिमेला निघावे. वाटेत ओन्यीसान्ती चर्च, जेथे चित्रकार बोत्तिचेल्ली पुरलेला आहे. मग पोर्ता अल प्रातो ही एकटी वेस. तिच्या दोन्ही बाजूंचा तट कोठे गेला?

२१/ १८६५ मध्ये फ्लॉरेन्स नव्या इटली राज्याची राजधानी झाले. राजधानीला रुंद रस्ते हवेत म्हणून वास्तुकार जुझेप्पे पोज्जीने नदीच्या उत्तरेकडील मध्ययुगीन तट पाडला. वेशी तेवढ्या ठेवल्या. पण २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि १८७१ मध्ये राजधानी तिकडे गेली. तट गेला आणि राजधानीही गेली. नेमक्या याच संधिकाळात, नोव्हेंबर १८७० मध्ये, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज या शहरात आले.

२२/ नावाचा घोळ आधी दूर करावा. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत आणि राजर्षी शाहूंचे पुत्र राजारामही नव्हेत. हे १८६६ मध्ये दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेले तरुण राजे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणे हाच जेथे दोष मानला जाई, त्या काळात. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. सोबतचे अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये लंडनहून छापवली. परतीची वाट इटलीवरून होती. फ्लॉरेन्समध्ये आजार बळावला आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराज वारले. वय जेमतेम वीस.

२३/ सोबतच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला तो अग्निसंस्काराचा. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. मिलानचे दहनगृह निघाले ते १८७६ मध्ये. अर्धशतकापूर्वी तस्कनीच्याच किनाऱ्यावर कवी शेलीचे दहन झाले होते, तेही साथप्रतिबंधक कायद्यामुळे. तरीही फ्लॉरेन्सच्या प्रशासनाने तातडीने खास परवानगी दिली. जागा शोधली ती दोन नद्यांच्या संगमाची: कासिने उद्यानाच्या टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तेथे चिता रचली गेली. पंचगंगेच्या घाटावर ज्यांच्या पूर्वजांच्या समाध्या आहेत, त्यांना संगम मिळाला तो आर्नोचा.

२४/ पोन्ते वेक्कियोपासून ही जागा सुमारे पाच किलोमीटर. कासिने ही मेदिचींची जुनी शेती आणि शिकारीचे रान. आता झाडांनी भरलेले लांबलचक उद्यान. पाय थकलेले असतात, वाट संपत नाही आणि पर्यटकांची गर्दी केव्हाच मागे राहिलेली असते. उजेड असतानाच पोहोचावे. झाडी सरते, पाणी दिसते, आणि समोर घुमटाची छत्री उभी असते. खाली फेटा बांधलेल्या तरुण राजाचा रंगवलेला अर्धपुतळा.

२५/ हे स्मारक १८७४ चे. पुतळा फ्लॉरेन्सवासी इंग्रज शिल्पकार चार्ल्स फुलर याचा, छत्री चार्ल्स मँट याची. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिलेल्यांना मँट परका नाही. तोही त्यानेच आखला. ‘छत्री’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. राजाच्या दहनभूमीवर छत्री उभारायची, ही आपली रीत नदीसह, संगमासह येथे आली.

२६/ या मृत्यूचे पडसाद कोल्हापुरात दीर्घकाळ उमटले. गादीवर पुन्हा दत्तक आले, ते शिवाजी महाराज. १८८३ मध्ये अहमदनगर येथे, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना, त्यांचा मृत्यू झाला. मग १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून जो मुलगा दत्तक घेतला गेला, तो पुढे राजर्षी शाहू झाला. आर्नोकाठची चिता आणि महाराष्ट्रातील सामाजिक क्रांती यांच्यामध्ये दोन दत्तकविधानांचे अंतर आहे.

२७/ सकाळचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. आपल्या कवीला जाळण्याचा हुकूम काढणाऱ्या आणि आपल्या धर्मोपदेशकाची राख खूण उरू नये म्हणून नदीत टाकणाऱ्या शहराने, एका अनोळखी राजाला त्याच नदीकाठी अग्नी दिला, आणि तो खूण राहावी म्हणून. हे औदार्य होते. इंग्रज साम्राज्याशी सलोखा ठेवण्याची गरजही त्यात असू शकेल. परक्याला जागा देणे सोपे असते, हेही खरे. तो सत्तेत वाटा मागत नाही. चोम्पींनी मागितला होता.

२८/ छत्रीजवळ आर्नोवर तारांनी तोललेला एक आधुनिक पूल आहे, १९७८ मध्ये पूर्ण झालेला. त्याचे नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’, भारतीयाचा पूल. हा सारा परिसरच ‘इंदियानो’ म्हणून ओळखला जातो. जागा मिळाली, पण बोलीत नाव गळून पडले. कोल्हापूर गळाले, छत्रपती गळाले, उरला ‘तो भारतीय’. फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने दिवसाचा शेवटचा तास या पाच किलोमीटरांसाठी राखून ठेवावा, आणि तेथे पोहोचल्यावर ते नाव एकदा पूर्ण उच्चारावे.